ठिणगी केव्हा पडावी : व्ही-ट्विन इंजिन आणि प्रोग्रामेबल इग्निशनचा आढावा

तुमसरहून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या सिहोऱ्यात गॅरेजपुढे उभ्या दिसतात त्या बहुतेक एका सिलिंडरच्या गाड्या. दोन सिलिंडर कोनात बसवलेले व्ही-ट्विन इंजिन हा इथला रोजचा विषय नाही, पण फार लांबचाही नाही. साकोलीला राष्ट्रीय महामार्ग ५३ धरला की राजनांदगाव, दुर्ग आणि पुढे भिलाई. ऑस्ट्रेलियाचे पॉल कारबेरी यांनी बुलेटचे ५०० सीसीचे दोन सिलिंडर ५५ अंशांच्या कोनात बसवून १००० सीसीचे इंजिन केले आणि ते काम पुढे याच भिलाईत आले. तिकडे अमेरिकेतल्या ओहायोत राहणाऱ्या अनिकेत वर्धन यांनी बुलेटचेच भाग वापरून ‘मस्केट’ नावाचे व्ही-ट्विन उभे केले. ज्या बुलेटचे पॉइंट आपल्याकडचा प्रत्येक मिस्त्री घासत आला, तिच्याच हाडामांसाची ही इंजिने आहेत. म्हणून या इंजिनांना ठिणगी कोणी आणि कशी द्यायची हा प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे.

प्रोग्रामेबल इग्निशन म्हणजे ठिणगी किती अंश आधी पडावी याचे कोष्टक, म्हणजेच नकाशा, लॅपटॉपवरून किंवा मोबाइलवरून भरता येणारा डबा. भारतात तो कोणाला लागतो हे आधी स्पष्ट करू. २०१४ पासून विकली गेलेली हार्ले-डेव्हिडसन स्ट्रीट ७५० किंवा त्या काळातल्या इतर हार्ले या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या. त्यांची इग्निशन मूळ ईसीयूतच, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकातच, असते आणि तिथला प्रश्न ईसीयूमधला नकाशा बदलण्याचा आहे. खरा निवडीचा प्रश्न कार्बोरेटरच्या व्ही-ट्विनचा. त्यात दुसऱ्या महायुद्धातून मागे राहिलेल्या हार्ले डब्ल्यूएलए आल्या, बाहेरून आणलेल्या जुन्या गाड्या आल्या आणि बुलेटच्या सिलिंडरांवर बांधलेली इंजिने आली. हा आढावा त्यांच्यापुरता आहे.

ठिणगी आधी का पाडावी लागते

मिश्रण पेटायला वेळ लागतो. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचून थोडा खाली उतरला की दाब सर्वांत जास्त असावा, म्हणजे तो पिस्टनला नीट ढकलतो. त्यासाठी ठिणगी पिस्टन वर येण्याआधीच पडावी लागते. १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो, ५००० ला ३० अंश. म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी हवी. हाच अॅडव्हान्स. मात्र वेगासोबत सिलिंडरमधली हवेची घुसळण वाढते आणि ज्वालाही वेगाने पसरते, त्यामुळे अॅडव्हान्स सतत वाढवत न्यायचा नसतो. साधारण ३००० च्या आसपास तो स्थिरावतो. जुन्या शॉव्हेलहेड हार्लेत पूर्ण अॅडव्हान्स ३५ अंश आहे.

दुसरी बाब लोडची, म्हणजे इंजिनावरच्या भाराची. थ्रॉटल थोडासाच उघडा असेल तर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असते, ते हळू जळते आणि त्याला जास्त अॅडव्हान्स चालतो. घाटात पूर्ण थ्रॉटल दिला की तोच अॅडव्हान्स घातक ठरतो. इंजिन टकटक करू लागते आणि वेळीच आवरले नाही तर पिस्टनला भोक पडते. प्रोग्रामेबल इग्निशनबद्दलची अर्धी चर्चा या दुसऱ्या बाबीभोवती फिरते.

पॉइंटपासून नकाशापर्यंत

हार्ले डब्ल्यूएलएच्या डाव्या हातातल्या ग्रिपने स्वाराला अॅडव्हान्स स्वतः पुढेमागे करता येत असे. किक मारताना तो कमी करायचा, गाडी धावू लागली की वाढवायचा. स्प्रिंग आणि वजनांच्या आपोआप चालणाऱ्या अॅडव्हान्सने हे काम स्वाराच्या हातून काढून घेतले. बुलेटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हेच राहिले.

बुलेटचे टायमिंग लावणे ज्याने जवळून पाहिले आहे त्याला या व्यवस्थेचे बळ आणि मर्यादा दोन्ही कळतात. पॉइंटचा गॅप फीलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचा. प्लगच्या भोकातून पिस्टन वरच्या टोकाला आला आहे हे पाहून तो ०.८ मिलिमीटर मागे घ्यायचा. मग पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद धरून हलके ओढत राहायचे आणि कागद सुटतो त्याच क्षणाला पॉइंटची प्लेट कसायची. कागद सुटला म्हणजे पॉइंट उघडले, म्हणजे ठिणगी तिथे पडणार. एवढ्यावर गाडी सुरू होते. पण पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होतो आणि टायमिंग सरकते. वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या की अॅडव्हान्स लवकर येतो. कंडेन्सर गेला की गाडी मिसिंग मारते. या सगळ्या बिघाडांवर तुमसरच्या बाजारात इलाज मिळतो.

हार्लेने १९७८ पासून पॉइंट सोडून इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली. १९८० च्या दशकात त्यात व्हॅक्यूमवर चालणारा स्विच आला. थ्रॉटल कमी असताना तो एक आणि जास्त असताना दुसरा असे अॅडव्हान्सचे दोन वक्र वापरात आणत असे. लोड ओळखण्याची ही पहिली सोपी पायरी. आपल्याकडे ती पायरी पुण्याच्या बजाज ऑटोने सामान्य ग्राहकापर्यंत नेली. २००३ मध्ये पल्सरला डीटीएस-आय तंत्र मिळाले. एका सिलिंडरला दोन प्लग, डिजिटल सीडीआय आणि थ्रॉटलची स्थिती ओळखून टायमिंग बदलणारी ‘ट्रिक्स’ व्यवस्था. म्हणजे आज ज्याला आपण नकाशा म्हणतो तो महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांनी वीस वर्षांपूर्वीपासून वापरला आहे. तो उघडून बदलता येत नव्हता, एवढाच फरक. दोन प्लगच्या या कल्पनेवरून बजाज आणि टीव्हीएस यांच्यात २००७ पासून चाललेला पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, यावरून ठिणगीच्या जागेला आणि वेळेला उद्योगात किती किंमत आहे हे समजते.

दोन सिलिंडरांचा पेच

एका सिलिंडरचे ज्ञान व्ही-ट्विनला जसेच्या तसे लागू होत नाही. दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर असतील तर हार्लेच्या ४५ अंशांच्या इंजिनात दोन स्फोटांमधले अंतर एकदा ४०५ अंश आणि एकदा ३१५ अंश येते. ५५ अंशांच्या इंजिनात तेच ४१५ आणि ३०५. तो ओळखीचा लंगडा ठेका याच असमान अंतरातून येतो.

जुन्या हार्लेत दोन टोकांची एकच कॉइल असे आणि ती दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी देई. याला ड्युअल-फायर म्हणतात. मागच्या सिलिंडरची पाळी असते तेव्हा पुढचा एक्झॉस्ट स्ट्रोकमध्ये असतो, तिथली फुकट ठिणगी निरुपद्रवी. पण पुढच्याची पाळी येते तेव्हा मागचा सिलिंडर आपल्या टोकावरून खाली उतरू लागलेला असतो. अॅडव्हान्स ३० अंश धरला तर मागचा १५ अंश उतरलेला. किक मारताना अॅडव्हान्स ५ अंश असेल तर ४० अंश. इनटेक व्हॉल्व्ह उघडा, ताजे मिश्रण आत येते आहे आणि तिथे ठिणगी. कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येतो तो यामुळे. मिश्रण पातळ असेल तर हे जास्त घडते.

यावर दोन उपाय. कॅमच्या वेगाने फिरणाऱ्या ट्रिगरवरून प्रत्येक सिलिंडरला फक्त त्याच्या पाळीलाच ठिणगी देणे, म्हणजे सिंगल-फायर. किंवा क्रँकवर ट्रिगर लावून दोन स्वतंत्र कॉइलनी प्रत्येक सिलिंडरला दर फेऱ्याला त्याच्या स्वतःच्या कोनावर ठिणगी देणे. दुसऱ्यातही एक ठिणगी वाया जाते, पण ती त्याच सिलिंडरच्या एक्झॉस्ट स्ट्रोकच्या अखेरीस पडते, मागच्याच्या इनटेकमध्ये पडत नाही. दोन स्वतंत्र कॉइल हव्यात यावर आज जाणकारांमध्ये फारसा मतभेद उरलेला नाही. माझ्या मते प्रोग्रामेबल डबा घेण्यापेक्षाही हा बदल आधी करावा. जुन्या इंजिनाचा स्वभाव त्याने जितका सुधारतो तितका महागड्या नकाशाने सुधारत नाही.

कोण काय म्हणते

पहिली बाजू पॉइंट ठेवणाऱ्यांची. त्यांचे म्हणणे सरळ आहे: जे रस्त्याच्या कडेला, फीलर गेज आणि पॉलिश पेपरवर दुरुस्त होते तेच लांबच्या प्रवासाला नेण्यालायक. पॉइंट हळूहळू बिघडतात, आधी सूचना देतात. इलेक्ट्रॉनिक डबा एका क्षणी बंद पडतो. ज्या परिसरात सुटा भागही कुरिअरने येतो आणि जुलैत बांध्यांतून रोवणी चालू असताना रस्तेही भरवशाचे नसतात, तिथे या युक्तिवादाला वजन आहे.

दुसरी बाजू ठरावीक वक्राच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनची. ब्रिटनच्या बॉयर ब्रॅन्सडेनसारख्यांची ही परंपरा जुन्या मोटारसायकलींमध्ये रुजलेली आहे. पॉइंटच्या जागी चुंबक आणि पिकअप, झिजण्यासारखे काही नाही, अॅडव्हान्सचा वक्र आत पक्का केलेला. एकदा बसवा, टायमिंग लाइटने खूण जुळवा आणि विसरा. अडचण एवढीच की तो वक्र दुसऱ्याच्या इंजिनासाठी आखलेला असतो.

तिसऱ्या गटात डायना २००० किंवा क्रेनची एचआय-४ येते. अॅडव्हान्सचे तयार वक्र आणि आरपीएमची मर्यादा छोट्या स्विचवर निवडायची. स्क्रू ड्रायव्हर पुरतो, लॅपटॉप लागत नाही. हार्लेसाठी हे फार वापरले गेले, त्याचे कारणही हेच. टकटक ऐकू आली तर एक घर मागे या, गाडी चालवून पाहा.

चौथ्या बाजूला पूर्ण प्रोग्रामेबल. चेक प्रजासत्ताकातली इग्नीटेक, अमेरिकेतली डेटोना ट्विन टेक यांसारख्यांचे डबे, आणि त्यापुढे स्पीडुइनो आणि मेगास्क्वर्टसारखे स्वतः जोडायचे ईसीयू. स्पीडुइनोचा मेंदू अर्डुइनो मेगा २५६० हा सहज मिळणारा बोर्ड आहे, म्हणून आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तो जवळचा वाटतो. बेंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सचे पॉवरट्रॉनिक भारतीय इंजेक्शनच्या गाड्यांसाठी नावाजले. त्याचे महत्त्व असे की नकाशा बदलणारा डबा भारतात बनू शकतो आणि त्याला गिऱ्हाईक मिळते हे त्याने दाखवले. या गटाचे म्हणणे: प्रत्येक इंजिन वेगळे, म्हणून त्याचा नकाशाही वेगळा.

नकाशात काय भरायचे

इथे चर्चा खोल जाते. नकाशा फक्त आरपीएमवर असेल तर तो चांगल्या स्प्रिंग-वजनांचेच काम अधिक नेमके करतो. लोड धरायचा तर थ्रॉटल पोझिशन सेन्सर किंवा मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर लागतो. दाब हा लोडचा खरा पुरावा, असे एक मत. पण एका कार्बोरेटरवर दोन असमान पाळीचे सिलिंडर ओढत असतील तर मॅनिफोल्डमधला दाब सतत हेलकावे खातो आणि सेन्सरला नेमका कोणता आकडा धरायचा ते कळत नाही. क्रँकच्या ठरावीक कोनावरच दाब वाचणारा डबा असेल तर हे निभते. थ्रॉटल सेन्सर स्थिर आकडा देतो, पण चढ आणि सपाट रस्ता यांतला फरक त्याला समजत नाही. व्ही-ट्विनवर कोणते चांगले, यावर दोन्ही बाजूंना अनुभवी माणसे आहेत.

मागच्या सिलिंडरचा प्रश्नही असाच. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात मागचा सिलिंडर पुढच्याच्या आडोशाला असतो आणि जास्त तापतो. प्रोग्रामेबल डबा मागच्याला दोन-तीन अंश कमी अॅडव्हान्स देऊ शकतो. काहींच्या मते हाच या डब्यांचा मोठा फायदा. काहींचे म्हणणे वेगळे: दोन सिलिंडरांना मिश्रणच सारखे मिळत नाही, ते आधी सुधारा, टायमिंगने दोष झाकू नका. मला दुसरे म्हणणे जास्त पटते, कारण जास्त तापणारा सिलिंडर पुष्कळदा पातळ मिश्रणावर चालत असतो आणि टायमिंग मागे घेतल्याने एक्झॉस्टची उष्णता उलट वाढते.

बुलेटच्या ५०० सीसी सिलिंडराचा बोअर ८४ मिलिमीटर आहे. इतक्या रुंद चेंबरमध्ये एका प्लगपासून ज्वाला पसरायला वेळ लागतो. दुसरा प्लग दिला तर अॅडव्हान्स कमी पुरतो. मात्र मग चार कॉइल किंवा दोन टोकांच्या दोन कॉइल चालवणारा डबा हवा, आणि खरेदीची यादी तिथेच बदलते.

ट्रिगर, कॉइल, बॅटरी

जाहिरातीत नकाशाचे रंगीत चित्र असते; काम बिघडते ते बहुधा खाली, वायरिंगमध्ये. पॉइंटच्या जागी बसणाऱ्या पिकअपला टायमिंग गिअरमधला ढिलेपणा लागतो आणि ठिणगी डळमळते. क्रँकवरची दातांची चकती अधिक नेमकी, पण ती बसवायला लेथ हवा. दात कमी असतील तर डबा मागच्या खुणेवरून पुढचा अंदाज बांधतो, आणि व्ही-ट्विनचा क्रँक तर एकाच फेऱ्यात कॉम्प्रेशनवर मंदावतो, सुटला की उसळतो. किक मारताना हा अंदाज सर्वांत जास्त चुकतो. किक उलटी मारून पाय दुखावला तर दोष पुष्कळदा इथे असतो.

कॉइलचा ओहम जुळला पाहिजे. पॉइंटच्या जुन्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स साधारण ५ ओहम, इलेक्ट्रॉनिकच्या कॉइलचा सुमारे ३ ओहम. १२ व्होल्टला ३ ओहममधून ४ अँपिअर जातात. अर्ध्या ओहमची कॉइल लावली तर हिशेबाने २४. डब्यात कॉइल किती वेळ भरायची यावर नियंत्रण नसेल तर काही मिनिटांत कॉइल किंवा डबा जळतो. स्टार्टर फिरताना बॅटरी ९–१० व्होल्टवर उतरते, तेव्हा डब्याचा मेंदू बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर गाडी सुरूच होणार नाही. प्लगच्या टोपीत किंवा वायरीत रेझिस्टन्स नसेल तर ठिणगीचा गोंगाट ट्रिगरच्या वायरीत शिरतो आणि मधूनच मिसिंग येते, जे कोणत्याही नकाशात सापडत नाही.

स्क्रीनवर ३० अंश दिसले म्हणजे इंजिनात ३० अंश आहेत असे नाही. फ्लायव्हीलवरची खूण टायमिंग लाइटच्या उजेडात त्या जागी थांबलेली दिसली तरच ते खरे. हे एकदा न करता नकाशाचे आकडे बदलत बसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे श्रम वाया जातात.

जे अजून ठरलेले नाही

सर्वांत मोठा न सुटलेला मुद्दा इंधनाचा. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागले आणि आता सर्वत्र झाले आहे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने आदर्श हवा-इंधन प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे जेट न बदललेला कार्बोरेटर आपोआप पातळ मिश्रण देतो. दुसरीकडे इथेनॉलने ऑक्टेन वाढतो आणि टकटकीला आळा बसतो. एक गोष्ट अॅडव्हान्स वाढवायला वाव देते, दुसरी इंजिन तापवते. बुलेटच्या सिलिंडरांवर बांधलेल्या व्ही-ट्विनला या पेट्रोलवर किती अंश योग्य, याचे सर्वमान्य उत्तर नाही. जेट आधी, अॅडव्हान्स नंतर, हा क्रम मात्र शहाणपणाचा.

टकटक ओळखून स्वतः मागे येणारी इग्निशन हा आदर्श. पण हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात टॅपेट आणि गिअरचा इतका आवाज असतो की नॉक सेन्सर फसतो. हार्लेने पुढे इंजेक्शनच्या गाड्यांत प्लगमधूनच आयन प्रवाह मोजण्याची युक्ती वापरली. कार्बोरेटरच्या गाड्यांसाठीच्या डब्यांत ती क्वचित आढळते. उष्णतेचेही तसेच. भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात इंजिनाची धग. टाकीखाली, दोन सिलिंडरांच्या वर डबा बसवला तर तो किती वर्षे टिकेल हे युरोपातल्या अनुभवावरून सांगता येत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. इग्निशनचा डबा नोंदणी प्रमाणपत्रात येत नाही, इंजिन येते. बुलेटच्या चासीत व्ही-ट्विन इंजिन बसवायचे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगीचा विषय येतो, आणि २०१९ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर गाडीतल्या बदलांकडे अधिक काटेकोरपणे पाहिले जाते. इग्निशन निवडण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे.

निवड कशी करावी

ज्या इंजिनाचा वक्र कारखान्याने ठरवून दिलेला आहे, त्याला पूर्ण प्रोग्रामेबल डब्याची गरज कमी. जुन्या हार्लेला सिंगल-फायर कॉइल आणि स्विचवर वक्र निवडता येणारी इग्निशन पुरते. रोजच्या वापराची नसलेली, मूळ रूपात जपायची डब्ल्यूएलए असेल तर पॉइंटच राहू द्यावेत.

बुलेटच्या सिलिंडरांवर बांधलेल्या इंजिनाचे तसे नाही. त्याचा वक्र कोणत्याही पुस्तकात छापलेला नसतो. वेगळा कोन, असमान पाळी, वेगळा मॅनिफोल्ड, वेगळे कॉम्प्रेशन. दुसऱ्याच्या इंजिनाचा वक्र इथे अंदाजच ठरतो. प्रोग्रामेबल इग्निशनचे खरे स्थान अशा हाताने बांधलेल्या इंजिनात आहे. तिथेही क्रँकवरचा ट्रिगर, दोन स्वतंत्र कॉइल आणि आधी फक्त आरपीएमचा साधा, कमी अॅडव्हान्सचा नकाशा इथून सुरुवात करावी. लोडचे घर पुण्या-बेंगळुरूकडे डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी नेता येईल तेव्हा भरावे.

डबा घेताना विक्रेत्याला पाच गोष्टी विचारा: माझ्या कोनाच्या व्ही-ट्विनची असमान पाळी हा सांभाळतो का, कॉइल भरण्याची वेळ स्वतः ठरवतो का, किती व्होल्टपर्यंत चालू राहतो, बिघडला तर किती दिवसांत दुसरा मिळेल, आणि वायरिंगचे चित्र देणार का. यांपैकी एकाचे जरी उत्तर मिळाले नाही तर तो डबा घेऊ नका. आणि घेतला तरी जुनी पॉइंटची प्लेट, कंडेन्सर आणि ५ ओहमची कॉइल फेकू नका. कापडात बांधून गाडीच्या हत्यारांच्या डब्यात ठेवा.